शाकारणी : टिकाऊ छपराची विसरलेली रीत

वैशाख अर्ध्यावर आला की कोकणातल्या घरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसू लागत. रत्नागिरी जिल्ह्यातील माझ्या आजोळी हा दिवस ठरलेला असे. शिडी लागे, एखादा जाणता गडी थेट आढ्यापर्यंत जाई आणि कौलांची एकेक ओळ उकलत खाली येई. फुटके कौल बाजूला निघे, धड कौल झटकून पुन्हा जागेवर बसे. कुजलेल्या रिपेच्या जागी नवी रीप येई, वाळवी लागलेल्या वाशाला जोड मिळे, पन्हळीत साचलेला पालापाचोळा साफ होई. दोन-तीन दिवसांत काम आटोपे आणि घर पावसाळ्याला सामोरे जाण्यास सिद्ध होई. या कामाला ‘शाकारणी’ म्हणत. त्या घराचे छप्पर कोणी कधी एकदम बदलल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. ते दरवर्षी थोडे थोडे नवे होत राहिले, म्हणूनच ते इतके जुने होऊ शकले.

पुढे बँकेतील नोकरीच्या निमित्ताने शहरात आलो आणि वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून सदनिका घेतली. नववे वर्ष सरते न सरते तोच आमच्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल आली. आषाढातल्या एका रात्री त्यांच्या वृद्ध मातोश्रींच्या पलंगाजवळ बादली ठेवावी लागली. कर्जाचे हप्ते अजून अकरा वर्षे भरायचे होते आणि छपराने मात्र आपली मुदत संपल्याचे कळविले होते. लोखंड, सिमेंट, यंत्रे, अभियंते असे सारे हाताशी असताना आपले छप्पर आजोबांच्या मातीच्या कौलांइतकेही का टिकू नये, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घर करून राहिला. नोकरीतील बदल्यांमुळे देशाच्या निरनिराळ्या भागांत राहण्याचा योग आला. तेथील छपरे पाहताना आणि जाणकारांशी बोलताना या प्रश्नाचे जे उत्तर हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पाण्याला वाट

छपराचा पहिला शत्रू पाऊस नव्हे, तर छपरावर थांबलेले पाणी होय. कोकण किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील छपरे उतरती असतात, त्यांची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली असते, त्यामुळे पाणी क्षणभरही न रेंगाळता पागोळ्यांच्या रूपाने भिंतीपासून दूर पडते. मंगळुरी कौलाची किमया याच तत्त्वावर उभी आहे. बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला. नेत्रावतीच्या काठची माती, साच्यात घडविलेला सारखा आकार आणि एका कौलाच्या खाचेत दुसऱ्याची कड बसावी अशी रचना, यांमुळे हे कौल पाहता पाहता पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरले. त्यात एक गुण मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रत्येक कौल सुटे असते. एक फुटले तर एकच बदलावे लागते, उरलेल्या हजारांना हात लावावा लागत नाही.

सपाट गच्चीला असा तीव्र उतार देता येत नाही, म्हणून तेथे अधिक काटेकोरपणा हवा. शंभर सेंटिमीटर अंतराला किमान एक सेंटिमीटर एवढा उतार पाणी जाण्याच्या तोंडाकडे असलाच पाहिजे. कठडा आणि गच्ची जेथे मिळतात तेथे काटकोन न ठेवता गोलाई द्यावी, कारण बहुतेक गळती याच कोपऱ्यातून सुरू होते. पाण्याचे तोंड एकच न ठेवता दोन ठेवावीत, म्हणजे एक तुंबले तरी गच्चीचे तळे होत नाही. काम पूर्ण झाल्यावर गच्चीवर पाणी कोंडून दोन-तीन दिवस खालून निरीक्षण करावे. ही चाचणी ठेकेदाराचे शेवटचे देयक चुकते करण्यापूर्वीच घ्यावी, हे सांगण्याचा मोह बँकेच्या माणसाला आवरत नाही.

खुद्द स्लॅबचे आयुष्य मात्र त्याच्या पहिल्या पंधरवड्यातच ठरून जाते. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंट वापरले असल्यास किमान दहा दिवस सतत ओलावा मिळाला पाहिजे. सळईवर पुरेशा जाडीचे काँक्रीटचे आवरणही हवे. सौम्य हवामानात ते किमान वीस मिलिमीटर आणि समुद्रकाठी त्याहून बरेच अधिक लागते. काँक्रीटच्या अल्कधर्मामुळे सळई गंजापासून सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी आत शिरले की हे कवच दुबळे होते. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. छताचा गिलावा पडलेला दिसतो तेव्हा आजार कित्येक वर्षांचा जुना झालेला असतो.

थरावर थर

गळती दिसली की आपला पहिला विचार असतो, वरून आणखी एक थर द्यावा. आमच्या सोसायटीनेही तेच केले. जुन्या कोब्यावर विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा नवा कोबा चढला, दहा वर्षांची हमी मिळाली आणि चार वर्षांत पुन्हा ओल आली. पुन्हा सभा भरली. आता तिसरा थर देण्याचा प्रस्ताव होता. त्या वेळी इमारतीतच राहणाऱ्या एका निवृत्त स्थापत्य अभियंत्यांनी आम्हाला साधा हिशोब करून दाखविला. शंभर मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरते. आमची गच्ची तीनशे चौरस मीटरची, म्हणजे प्रत्येक थरागणिक इमारतीच्या माथ्यावर साठ टनांचा भार वाढणार होता. शिवाय दोन थरांच्या मधे शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. ते उन्हाळ्यातही आतल्या आत मुरत होते.

हा हिशोब ऐकताना मला मराठवाड्यातली माळवदाची घरे आठवली. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर अशी त्या छपरांची रचना. कोरड्या, उष्ण प्रदेशात ती अतिशय सुखद. दुपारचे ऊन घरात उतरेपर्यंत संध्याकाळ व्हावी. पण पाणी ठिबकू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर नवी माती टाकली जाई आणि जुनी माती क्वचितच उतरविली जाई. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत राहिले. अर्ध्या मीटर जाडीचा थर धरला तरी बारा चौरस मीटरच्या एका खोलीवर दहा टनांच्या घरात माती बसते. हा भार पेलणाऱ्या भिंती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या, आत आणि बाहेर अशा दोन पदरांच्या होत्या. त्या पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड पुष्कळदा नसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी हलली आणि या भिंती व ती माती झोपेतल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. पाणी अडविण्यासाठी मायेने टाकलेल्या घमेल्याघमेल्याचे ते ओझे झाले होते.

याउलट कच्छमधील भुंगा पाहावा. गोल भिंती आणि त्यांवर गवताचे शंकूसारखे हलके छप्पर असलेल्या या पारंपरिक घरांनी २६ जानेवारी २००१ चा भूकंप बऱ्याच अंशी सोसला. आसामातही १८९७ च्या महाभूकंपानंतर हलक्या भिंतींची आणि पत्र्याच्या छपराची घरे बांधण्याची पद्धत रूढ झाली. जड छप्पर वाईट आणि हलके चांगले, असा याचा सरधोपट अर्थ नव्हे. छपराचे वजन, भिंतीची ताकद आणि भूमीचा स्वभाव यांचा मेळ बसला पाहिजे आणि तो मेळ छपराच्या सबंध आयुष्यात टिकला पाहिजे. आज पेलणारे छप्पर वीस वर्षांनी चढलेल्या थरांसह पेलेल काय, हा प्रश्न आराखडा करतानाच विचारायला हवा.

ऊन दारातच अडवावे

छपराचा दुसरा शत्रू म्हणजे ऊन. दिवसा तापून स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आकसतो. वर्षानुवर्षे चाललेल्या या हालचालीने बारीक भेगा पडतात आणि पाण्याला वाट मिळते. म्हणून उष्णता खोलीत पंखा लावून घालविण्यापेक्षा ती स्लॅबपर्यंत पोचूच न देणे श्रेयस्कर. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून उष्णता फार सहज आत येते. दर चौरस मीटरला, दर अंश तापमान-फरकामागे साधारणतः तीन वॉटहून अधिक उष्णता तो आत सोडतो. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको-निवास संहिता २०१८’ ने हीच मर्यादा १.२ वॉट इतकी घालून दिली आहे. स्लॅबच्या वरच्या अंगाला उष्णतारोधक थर दिल्यास हे साधते आणि थराखालचा स्लॅब रोजच्या ताणातूनही सुटतो. घर थंड राहणे आणि छप्पर टिकणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच उपायाने साध्य होतात.

चेन्नईच्या जुन्या इमारतींत हे शहाणपण ‘मद्रास टेरेस’च्या रूपाने पाहावयास मिळते. लाकडी तुळयांवर पातळ विटा तिरप्या ओळींत उभ्या रचायच्या, त्यांवर विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर ठोकून ठोकून घट्ट करायचा आणि शेवटी चपट्या मातीच्या फरशा बसवायच्या, अशी ती रीत. चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी मिसळण्याची पद्धत होती. चुना सिमेंटपेक्षा मऊ असल्याने इमारतीची किंचित हालचाल तो सोसतो आणि पाणी मिळाल्यावर केसासारख्या बारीक भेगा काही प्रमाणात स्वतःच भरून काढतो.

मात्र सर्वांना नवा थर परवडेलच असे नाही आणि ज्यांच्या डोक्यावर केवळ पत्रा आहे, त्यांच्यासाठी हा आरामाचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबाद शहरात नेहमीच्या तुलनेत १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि २०१७ मध्ये वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये शीतल छपरांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरे या कक्षेत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेकतो; त्यामुळे खोलीतील तापमान साधारणतः दोन ते पाच अंश सेल्सिअसने उतरते. चुन्याचा साधा हातही उपयोगी पडतो. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून गच्ची धुणे आणि दोन-तीन वर्षांनी नवा हात देणे आवश्यक ठरते. येथेही अखेर शाकारणीच.

पर्यावरणाचा हिशोब

पर्यावरणस्नेही छप्पर म्हटले की हिरवळीची गच्ची डोळ्यांपुढे येते. परंतु हिशोबनीसाच्या नजरेने पाहिले, तर पहिला विचार घसाऱ्याचा करावा लागतो. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे सात-आठ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा आहे. चुनखडी भाजतानाच तो वायू बाहेर पडतो. एवढी किंमत मोजून घडविलेला स्लॅब पंचवीस वर्षांत पाडावा लागला तर निसर्गावरील कर्ज फिटण्यापूर्वीच दुसरे काढल्यासारखे होते. तोच साठ-सत्तर वर्षे टिकला तर वार्षिक भार निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून टिकाऊपणा हीच पर्यावरणाची पहिली अट आहे.

दुसरी अट काटकसरीची. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात तिचा सुंदर वस्तुपाठ घालून दिला. स्लॅबच्या खालच्या भागातील बरेचसे काँक्रीट प्रत्यक्ष भार घेत नाही. तेथे ताण पेलतात त्या सळया. हे ओळखून त्यांनी सळयांच्या चौकटींमधे मंगळुरी कौले बसविली आणि तेवढे काँक्रीट वाचविले. खर्च घटला, वजन घटले, कौलांमधील हवेच्या पोकळीमुळे उष्णताही अडली. तिरुवनंतपुरम येथील ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’च्या परिसरात त्यांची ही शैली आजही पाहता येते. असे काम मात्र अनुभवी अभियंत्याच्या आकडेमोडीनेच करावे.

कौलांनाही दोष आहेत. त्यांच्यासाठी चांगली माती आणि भट्टीचे इंधन लागते. पण जुन्या घराची धड कौले उतरवून नव्या घरावर चढविता येतात, हा त्यांचा मोठा गुण. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सिमेंट पत्र्यांबाबत मात्र सावध राहावे. त्यांतील तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगास कारण ठरतात. असे जुने पत्रे फोडू, कापू वा घासू नयेत आणि बदलताना जाणकारांकडूनच उतरवून घ्यावेत.

छपराचे उत्पन्न

उत्तम छप्पर नुसते झाकत नाही, ते मिळवूनही देते. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी मिळते. वर्षाला हजार मिलिमीटर पावसाच्या गावी, काही भाग वाया गेला असे धरूनही, सुमारे ऐंशी हजार लिटर पाणी हाती येते. तमिळनाडूने २००३ मध्ये पर्जन्यजल संचयन इमारतींना सक्तीचे केले, त्यामागे हेच गणित होते.

विजेचेही तसेच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान ठेवण्यात आले. पण येथे क्रम चुकता कामा नये. सौर तावदाने साधारणतः पंचवीस वर्षे चालतात. खालचा जलरोधक थर सात वर्षांचा असेल तर आठव्या वर्षी सारा संच उतरविण्याचा खर्च माथी येतो. खालच्या थराचे आयुष्य वरच्या थराहून कमी नसावे, हा छपराच्या रचनेतील सोपा आणि सर्वांत अधिक मोडला जाणारा नियम आहे. म्हणून आधी गच्ची दुरुस्त करावी, उताराला बाधा न आणता उंच पायांवर संच उभारावा आणि खाली माणूस वाकून साफसफाई करू शकेल एवढी जागा सोडावी.

पैशाची तरतूद

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या महाराष्ट्रातील आदर्श उपविधींत दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के आकारणीची तरतूद आहे. अनेक संस्था मासिक शुल्क कमी दिसावे म्हणून येथेच हात आखडता घेतात. आमच्या सभेतही तळमजल्यावरील काही सभासदांनी विचारले, ‘गळते त्यांच्या घरात, आम्ही का भरावे?’ गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याचा बंदोबस्त ही संस्थेची जबाबदारी असल्याचे उपविधी सांगतात. पण वाद मिटला तो नियमाने नव्हे. त्या निवृत्त अभियंत्यांनी शांतपणे एवढेच विचारले, ‘वरच्या मजल्याचे छप्पर पडले, तर ते कोणावर पडेल?’ सभेत कोणीच काही बोलले नाही. ठराव एकमताने झाला.

तिसरा थर आम्ही टाकला नाही. दोन्ही जुने कोबे काढून स्लॅब उघडा केला, गंजलेल्या सळयांवर उपचार केले, उतार नव्याने दिला. त्यावर जलरोधक आणि उष्णतारोधक थर घेतले आणि माथ्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या फरशांचे तुकडे बसविले. खर्च थर टाकण्याहून अधिक आला, परंतु इमारतीच्या डोक्यावरचे साठ टन उतरले. त्यानंतरचा पावसाळा त्या मातोश्रींनी बादलीविना काढला.

आता दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभासद गच्चीवर जमतात. पाण्याची तोंडे साफ होतात, फरशांची पोकळी ठोकून पाहिली जाते, भेगा नोंदवहीत टिपून लगेच बुजविल्या जातात, पृष्ठभाग धुऊन निघतो. तासा-दीड तासाचे काम असते. पहिल्या वर्षी सूचनाफलकावर या कामाला काय नाव द्यावे, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा मी सुचविलेला शब्द त्यांनी ठळक अक्षरांत लिहिला : शाकारणी. इमारतीतल्या मुलांना तो शब्द नवा होता. त्यांनी अर्थ विचारला आणि आम्ही त्यांना गच्चीवर घेऊन गेलो.